स्वयंचालित वाहनांची लोकस्वीकृती (नागपूर)

चालकाच्या हस्तक्षेपाविना धावू शकणाऱ्या वाहनांविषयी लोकांचे मत, त्यांवरचा विश्वास व ती वापरण्याची तयारी. प्रस्तुत नोंदीत हा विचार मुख्यतः नागपूर शहरापुरता केला आहे.

मराठीत या वाहनांची संज्ञा अद्याप स्थिरावलेली नाही. ‘स्वयंचलित’ हा शब्द सर्वाधिक आढळतो. मात्र तो ‘ऑटोमॅटिक’ या अर्थी आधीच रूढ असल्याने क्लच नसलेली साधी मोटारही त्यात बसते. वृत्तपत्रे ‘चालकविरहित’ लिहितात. ‘स्वायत्त’ हा ‘ऑटोनॉमस’चा शब्दशः पर्याय होय, परंतु एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या जे३०१६ या मानकात ‘ऑटोनॉमस’ हा शब्दच टाळावा, असे सुचवलेले आहे. हे मानक शून्य ते पाच अशा सहा पातळ्या मानते. यंत्र आपले आपण काय करते, यापेक्षा वाहन चालवण्याचे काम त्या क्षणी कोणाकडे आहे, यावर त्याचा भर आहे. त्यामुळे चालवण्याच्या कामावर बोट ठेवणारा ‘स्वयंचालित’ हा शब्द येथे पसंत केला आहे. नागपुरात घोटाळा आणखी वाढतो. येथे ‘ऑटो’ म्हणजे तीनचाकी, आणि जुन्या पिढीच्या तोंडी ‘रिक्षा’ म्हणजे सायकलरिक्षा. बोलण्यात सर्रास ‘बिनाड्रायव्हरची गाडी’ असेच म्हणतात, आणि अर्थाच्या दृष्टीने ते सर्वांत स्पष्ट आहे.

या मानकाच्या तिसऱ्या पातळीत वाहन स्वतः चालते, पण त्याने हाक दिल्यास माणसाला ताबा घ्यावा लागतो. विदर्भातील धुरकऱ्याला ही अवस्था परकी नाही. रात्री बाजारावरून परतताना तो गाडीत झोपी जाई आणि बैल ओळखीच्या वाटेने घरी पोचत. फरक असा, की तिसऱ्या पातळीत माणसाला झोपून चालत नाही, आणि त्या वाटेवर ताशी शंभरच्या वेगाने येणारा ट्रक नसे.

स्वीकृतीच्या अभ्यासात फ्रेड डेव्हिस यांचे १९८९ चे तंत्रज्ञान-स्वीकृती प्रतिमान पायाभूत मानले जाते. वाटणारी उपयुक्तता आणि वाटणारी सुलभता हे त्याचे दोन घटक. पुढे २००३ मध्ये वेंकटेश व सहकाऱ्यांनी त्यात सामाजिक प्रभावासारख्या घटकांची भर घातली. भारतापुरते सर्वाधिक उद्धृत केले जाणारे सर्वेक्षण मिशिगन विद्यापीठाच्या शोएटल व सिवाक यांचे (२०१४). त्यात सुमारे ८४ टक्के भारतीय उत्तरदात्यांचे मत अनुकूल होते, तर जपानमध्ये हे प्रमाण ४३ टक्के होते. सर्वेक्षण ऑनलाइन असल्याने हा आकडा सर्वसामान्य भारतीयाचा मानणे धाडसाचे ठरेल. माहिती वाढली की विरोध मावळतो, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते प्रत्यक्ष अनुभव व अपघातांच्या बातम्या अधिक निर्णायक असतात. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी येथे चाचणी-वाहनाच्या धडकेत पादचारी महिला मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर अमेरिकेत भीती व्यक्त करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. दुसऱ्या मताला त्यामुळे बळकटी मिळते.

नागपुरात हा प्रश्न मुख्यतः रोजगाराच्या अंगाने पुढे आला. येथील खासदार व केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये अशा वाहनांना विरोध दर्शवला होता. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधील कार्यक्रमात, चालकांचा रोजगार जाईल म्हणून ती भारतात येऊ देणार नाही, अशी भूमिका त्यांनी पुन्हा मांडली. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०२४ च्या आरंभी, भारतीय न्याय संहितेतील अपघातविषयक तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी काम थांबवले आणि शहरातील पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्या आंदोलनाचा स्वयंचालित वाहनांशी थेट संबंध नव्हता. पण नागपूरसारखे देशाच्या मध्यावरचे वाहतूककेंद्र चालकावर किती अवलंबून आहे, हे त्यातून दिसले.

चालक जागेवरच ठेवून त्याला यंत्राची मदत देण्याला मात्र येथे विरोध झालेला दिसत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात महानगरपालिका, इंटेल, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आदींचा सहभाग होता. त्यात शहर बसगाड्यांना धडकेची पूर्वसूचना देणारी उपकरणे बसवण्यात आली. इशारा यंत्राचा, ब्रेक माणसाचा. मार्च २०१९ पासून धावणाऱ्या नागपूर मेट्रोतही चालक असतो. चालकाविना मेट्रो देशात प्रथम दिल्लीत, डिसेंबर २०२० मध्ये धावली.

स्थानिक रस्त्यांची स्थिती स्वीकृतीवर परिणाम करते, हे उघड आहे. उन्हाळ्यात भर दुपारी काही चौकांतील सिग्नल बंद ठेवले जातात, तेव्हा वाहने परस्परांच्या नजरेने व हाताच्या खुणेने वाट काढतात. सीताबर्डी व इतवारी भागांत अशी वाट काढणे बारमाही आहे. याउलट नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग सुमारे ७०१ किमी. लांबीचा व प्रवेश-नियंत्रित असून तांत्रिकदृष्ट्या अशा वाहनांना अधिक सोयीचा आहे. त्यावरील अपघातांमागे चालकाची डुलकी हे कारण वारंवार चर्चिले गेल्यामुळे यंत्राच्या बाजूचा युक्तिवाद तेथे वजनदार ठरतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ परवानाधारक व्यक्तीच वाहन चालवते असे गृहीत धरतो (कलम ३). २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम २ ब नवसंशोधनासाठी काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनाला देते. भरपाईचा भाग तुलनेने सोपा आहे. कलम १६४ अन्वये मृत्यू झाल्यास पाच लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मालकाने वा विमा कंपनीने द्यावयाचे असून, चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. बेदरकारपणाच्या गुन्ह्याला मात्र आरोपी म्हणून माणूसच लागतो.