पीटर ब्रूक

पीटर ब्रूक (२१ मार्च १९२५, लंडन – २ जुलै २०२२, पॅरिस) हा ब्रिटिश नाट्यदिग्दर्शक. आपल्याकडे नाटकवाल्यांत याचं नाव निघालं की दोनच गोष्टी आठवतात, 'द एम्प्टी स्पेस' हे पुस्तक आणि नऊ तासांचं 'महाभारत', आणि त्यातल्या दुसऱ्या गोष्टीवरचा वाद अजून मिटलेला नाही.

आईवडील लॅटव्हियातून आलेले ज्यू. ऑक्सफर्डला शिकला आणि विशीतच बर्मिंगहॅम, स्ट्रॅटफर्डला नाटकं बसवायला लागला. बावीस-तेविसाव्या वर्षी रॉयल ऑपेरा हाऊसचा निर्मिती-दिग्दर्शक, तिथे १९४९ ला चित्रकार साल्वादोर दालीच्या नेपथ्यात 'सालोमे' हा ऑपेरा केला आणि त्यावर गदारोळ झाला. १९५५ च्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये टायटसच्या मुलीचे, लॅव्हिनियाचे, हात आणि जीभ कापतात तिथे त्याने रक्त दाखवलंच नाही, ती भूमिका करणाऱ्या व्हिव्हियन लीच्या मनगटांतून आणि तोंडातून लाल रिबिनी सोडल्या. इथूनच त्याची खरी सवय सुरू झाली असं मला वाटतं, स्टेजवरची गर्दी काढून टाकायची आणि एकच वस्तू अशी ठेवायची की बाकीचं प्रेक्षकाने भरावं. १९६२ चं पॉल स्कोफिल्डचं 'किंग लिअर', १९६४ चं 'मारा/साद', आणि मग १९७० चं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम', ज्यात जंगल नाहीच, सॅली जेकब्सने केलेला पांढराशुभ्र डबा, त्यात ट्रॅपीझवर झुलणारे नट, आणि जादूचं फूल म्हणजे काठीवर गरगर फिरणारी थाळी. शेक्सपिअरवर साचलेली धूळ एका फटक्यात उडाली.

'द एम्प्टी स्पेस' १९६८ चं. कुठलीही रिकामी जागा घ्या, एक माणूस ती ओलांडून जातो, दुसरा बघतो, नाटक व्हायला एवढं पुरतं, हा त्याचा मुद्दा. कोकणातला दशावतार एका बाकड्यावर सगळे महाल आणि सिंहासनं उभी करतो, ते बघत मोठं झालेल्याला यात नवल वाटणार नाही, पण तिकडच्या मखमली पडद्यांच्या थिएटरला हा मोठा धक्का होता.

१९७० मध्ये निर्माती मिशलीन रोझांबरोबर पॅरिसला नाट्यसंशोधनाचं आंतरराष्ट्रीय केंद्र काढलं, देशोदेशीचे नट गोळा केले. १९७१ ला इराणात पर्सेपोलिसच्या अवशेषांत इंग्रज कवी टेड ह्यूजने रचलेल्या नव्याच भाषेत 'ऑर्गास्ट' केलं आणि शहाच्या राजवटीचा पैसा घेतला म्हणून टीका झाली. १९७२-७३ ला आफ्रिकेत गावोगाव सतरंजी अंथरून प्रयोग केले. १९७४ पासून पॅरिसचं बूफ द्यू नॉर हे पडीक थिएटर त्याचं घर झालं, भिंतींचे पोपडे त्याने तसेच ठेवले.

मग १९८५, फ्रान्समधला आविन्यों नाट्यमहोत्सव, गावाबाहेरची दगडाची खाण, रात्री सुरू होऊन पहाटे संपणारं 'महाभारत'. लेखन फ्रेंच लेखक ज्याँ-क्लोद कारिएरचं. भीष्म आफ्रिकेचा सोतिगी कुयाते, भीम सेनेगलचा, धृतराष्ट्र पोलंडचा, आणि प्रमुख भूमिकांत भारतीय एकच, द्रौपदी झालेली मल्लिका साराभाई. पाण्याची, मातीची, आगीची दृश्यं बघून पश्चिमेतले बहुतेक समीक्षक भारावून गेले.

भारतातून मात्र नाट्यसमीक्षक रुस्तम भरुचा यांनी कडक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ब्रूकने कथा उचलली आणि ती जिथे जगते ती जमीन मागे सोडली, धर्म, जात, कर्म हे सगळं पातळ झालं, गीता तर कृष्ण अर्जुनाच्या कानात कुजबुजतो एवढ्यावर आटपली. भारतात साहित्य गोळा करताना इथल्या कलाकारांशी ज्या प्रकारे वागणं झालं त्यावरही त्यांनी बोट ठेवलं. मला हा आक्षेप बराचसा पटतो. पांढरा डबा शेक्सपिअरला चालला कारण इंग्लिश प्रेक्षकाच्या डोक्यात ते जंगल आधीच होतं, इथे ब्रूकने जे काढून टाकलं ते भरून काढायला आविन्योंच्या प्रेक्षकाकडे काही नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांना ते नाटक बघायलाच मिळालं नाही, कारण नऊ तासांचा प्रयोग भारतात कधी आलाच नाही. १९८४ ला दिग्दर्शक रतन थिय्याम मणिपुरी नटांना घेऊन 'चक्रव्यूह' करत होते, अभिमन्यूची तीच गोष्ट, पण तिथल्या ढोलांच्या आणि देहांच्या भाषेत. जगभर बोलबाला झाला तो ब्रूकच्या 'महाभारता'चा.

तरी नट म्हणून त्या लोकांनी जे केलं ते खोटं नव्हतं. १९८९ च्या चित्रपट आवृत्तीत कुयातेंचा भीष्म शांत उभा राहतो ते बघताना कुठला देश हा प्रश्न मला काही वेळ सुचत नाही.

नव्वदीला टेकलेला ब्रूक परत त्याच कथेकडे वळला. २०१५ चं 'बॅटलफील्ड' जेमतेम सव्वा तासाचं, चार नट आणि तोशी त्सुचितोरीचा ढोल, युद्ध संपलंय आणि युधिष्ठिराला राज्य नकोसं झालंय. हे मात्र २०१६ मध्ये मुंबईत एनसीपीए या नाट्यगृहसंकुलात आलं. २०२१ मध्ये भारत सरकारने ब्रूकला पद्मश्री दिली.