कार्बोरेटर उघडण्याआधी काट्याकडे बघा

पुण्यात पद्मिनी, अँबॅसेडर, हेरल्ड अशा जुन्या गाड्या जिवापाड जपणारे बरेच आहेत. त्यातली एखादी गाडी दिवे घाटात दम टाकू लागली की निदान ठरलेलं असतं: कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खराब. मग जेट (पेट्रोलची बारीक भोकं) फुंकले जातात, फ्लोटची (आतल्या तरंगत्या डबीची) पट्टी वाकवली जाते, नवं किट पडतं आणि पुढच्या रविवारी गाडी त्याच वळणावर परत हिसके देते. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतंय का, आणि किती दाबानं, हे कुणी मोजलेलंच नसतं. खरं तर त्यासाठी एक पितळी टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक प्रेशर गेज (दाब दाखवणारं काट्याचं मीटर) पुरतं.

या गाड्यांमधला टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, ज्याला ‘एसी पंप’ म्हणतात, मोठा गमतीचा आहे. इंजिनातला फिरता कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवतो, दांडी आतला पडदा खाली ओढते आणि टाकीतलं पेट्रोल पंपात येतं. ते पुढे ढकलायचं काम मात्र पडद्याखालची स्प्रिंग करते. त्यामुळे दाब ठरतो तो स्प्रिंगच्या जोरावर. इंजिन कितीही रेस केलं तरी तो फारसा वाढत नाही. कार्बोरेटरची वाटी भरली, फ्लोटनं नीडल (पेट्रोलची वाट उघड-बंद करणारी सुई) बंद केली, की पडदा खालीच अडकून राहतो आणि दांडी नुसती मोकळी हलत बसते.

हा दाब असतो साधारण २ ते ४ पीएसआय. टायरमध्ये आपण पंचवीस-तीस भरतो, म्हणजे हा किती नाजूक मामला आहे बघा. नीडलचं भोक दीड मिलिमीटरचं धरलं, तर ३ पीएसआयला नीडलवर जोर येतो जेमतेम पावणेचार ग्रॅमचा. तेवढा फ्लोट आरामात पेलतो. पण जुना पंप गेला म्हणून कुणी इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवला, तर दाब ३ बारच्या, म्हणजे चाळीसहून जास्त पीएसआयच्या घरात जातो आणि तोच जोर पन्नास ग्रॅमच्या वर. फ्लोट हरतो, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं आणि खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर नेणारा पाइप) असतो. असा जुगाड मला अजिबात मान्य नाही.

आता गेज कुठलं घ्यायचं? बोहरी आळीत नुसतं ‘प्रेशर गेज द्या’ म्हटलं, तर कॉम्प्रेसरचं ७ किलोचं (चौरस सेंटिमीटरला ७ किलोपर्यंत दाब मोजणारं) हातात पडण्याची शक्यता जास्त. अशा गेजची चूक पूर्ण मापाच्या २ टक्के धरली, तरी ती ०.१४ किलो होते. आपल्याला मोजायचाय ३ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.२ किलो दाब! म्हणून ० ते १ किलोचंच मागून घ्यावं.

आणि ते कोरडं घ्यावं, ग्लिसरीन भरलेलं नको. याचं कारण गेजच्या पोटात आहे. १८४९ मध्ये पॅरिसच्या यूजेन बूर्दोंनं पेटंट घेतलेली चपटी, वाकवलेली नळी आजही तिथे असते. जत्रेतली गुंडाळीची पिपाणी फुंकल्यावर उलगडते, तशी ही नळी आतल्या दाबानं किंचित सरळ होते आणि काटा फिरवते. म्हणजे गेज दाखवतं तो नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. ग्लिसरीनची डबी हवाबंद असते. बॉनेटखाली ती तापली की तिच्यातला दाब वाढतो, नळीला बाहेरून दाबतो आणि काटा खरं असेल त्यापेक्षा कमी दाखवतो. मोठ्या दाबावर हे जाणवत नाही. २-३ पीएसआय मोजताना मात्र धडधाकट पंप निकामी ठरतो.

टी बसवायची पंप आणि कार्बोरेटर यांच्या मधे. फिल्टर असेल तर त्याच्या पुढे, कार्बोरेटरच्या बाजूला. गेजकडे जाणाऱ्या फाट्यातून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे तो बारीक असला तरी दाब घटत नाही. उंची मात्र सांभाळा. फाटा पेट्रोलनं भरलेला असताना गेज कार्बोरेटरपेक्षा ३० सेंटिमीटर वर असेल, तर आकडा जवळपास दहा टक्क्यांनी कमी दिसतो. पंपाच्या ठोक्यांनी काटा थरथरतो, म्हणून फाट्यात बारीक छिद्राचा अडसर घालतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको. तिचा एखादा तुकडा नीडलखाली जाऊन बसला की नवी डोकेदुखी. नळी पेट्रोलसाठीचीच घ्या आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेव्हा ती त्याला टिकणारी आहे ना हे विचारून घ्या. पेट्रोलची नळी डॅशबोर्डपर्यंत आत ओढायची नाही म्हणजे नाही. आत बसून आकडा बघायचा असेल तर इलेक्ट्रिक सेन्सरचं मीटर मिळतं.

आता घाट चढा, शेजारच्याला मीटरवर नजर ठेवू द्या. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर दाब कोसळत असेल, तर टाकीतली जाळी, तुंबलेला फिल्टर किंवा पंपाचा पडदा बघा. दाब टिकूनही गाडी हिसके देत असेल, तर मग कार्बोरेटर खुशाल उघडा.

खरी मजा चहाला थांबल्यावर. मे महिन्यात तापलेली गाडी दहा मिनिटांनी स्टार्ट होत नाही, त्याला सरसकट ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. बंद इंजिनाची धग पंप आणि नळीतल्या पेट्रोलला लागते. कधी ते प्रसरण पावून नीडलला ढकलतं. दाब आधी चढलेला दिसतो आणि इंजिन पेट्रोलनं भिजतं. कधी पंपातच वाफ होते. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब हवेपेक्षाही कमी असल्यानं पेट्रोल तिथे लवकर उकळतं. मग स्टार्टर मारताना पंप वाफच दाबत बसतो आणि काटा शून्याजवळ लोळतो. पहिल्या प्रकारात, इंजिन भिजलेलं असताना, चोकला हात न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. दुसऱ्या प्रकारात, वाफ झालेली असताना, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि अजून एक चहा सांगायचा.