उत्तर हुडकणे आणि विषय धुंडाळणे

‘माहिती शोधतो आहे’ असे म्हणताना आपण दोन अगदी वेगळी कामे एकाच क्रियापदात बसवतो. पहिल्या कामात प्रश्न तयार असतो, फक्त उत्तर हुडकायचे असते. दुसऱ्यात नेमके काय विचारायचे हेच अजून ठाऊक नसते आणि वाचता वाचता प्रश्न घडत जातो. दोन्ही वेळी माणूस त्याच पडद्यासमोर बसून तसेच शब्द टाइप करत असल्यामुळे बाहेरून फरक दिसत नाही आणि बऱ्याचदा तो त्यालाही कळत नाही.

समजा, कोणाच्या रक्ततपासणीच्या अहवालात एचबीए१सी, म्हणजे रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ टक्के आला आहे. हा आकडा कुठे बसतो, हे हुडकण्याचे काम आहे: प्रचलित निकषांनुसार ५.७ च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. दुसऱ्या विश्वासार्ह ठिकाणी हेच आकडे पडताळून पाहिले की काम संपले. पण ‘मग मी आता काय समजायचे?’ हा प्रश्न मनात आला की धुंडाळणे सुरू होते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते, हे वाचनात येते. मग पेशींचे आयुष्यच कमी-जास्त झाले तर आकडाही फसवू शकतो, हे लक्षात येते. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात तो साखर न वाढताही वर सरकू शकतो. अहवालात हिमोग्लोबिनही कमी असेल, तर तासाभरापूर्वी निकालात निघालेला विषय पुन्हा उघडा पडतो.

ग्रंथालयशास्त्राने हा फरक संगणक घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी हेरला होता. ग्रंथपालासमोर मांडला जाणारा प्रश्न हे मूळ गरजेचे चौथे रूप असते, असे रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये मांडले: आधी शब्दांत न येणारी रुखरुख, मग मनातले धूसर वर्णन, मग नीट बांधलेला प्रश्न आणि अखेरीस समोरची व्यवस्था कशाला उत्तर देईल याचा अंदाज घेऊन केलेली तडजोड. मार्शिया बेट्स यांनी १९८९ मध्ये झुडपाझुडपांतून थोडी थोडी फळे वेचण्याची उपमा दिली. प्रत्येक थांब्यावर काहीतरी हाती लागते आणि शोधाची दिशाही बदलते.

माझ्या मते व्यवहारात सर्वांत उपयोगी ठरते ते याच क्षेत्रातील अभ्यासक कॅरल कुलथाऊ यांचे निरीक्षण. त्यांनी शोधाच्या सहा टप्प्यांबरोबर शोधणाऱ्याच्या भावनांचीही नोंद घेतली, तेव्हा असे दिसले की तिसऱ्या म्हणजे धुंडाळण्याच्या टप्प्यावर माहिती वाढते तशी अनिश्चितता कमी न होता उलट वाढते, आणि आपला मुद्दा कोणता हे चौथ्या टप्प्यावर ठरल्यानंतरच ती ओसरू लागते. उत्तर हुडकताना गोंधळ वाढला तर आपण चुकीच्या जागी शोधत आहोत, असे मानणे रास्त आहे. धुंडाळताना मात्र तोच गोंधळ काम पुढे सरकत असल्याची खूण असू शकतो. नेमक्या याच ठिकाणी पुष्कळ जण पहिल्या कामाची मोजपट्टी दुसऱ्याला लावतात आणि वैतागून जे पहिले ठाम वाक्य सापडेल त्यावर थांबतात. शोधयंत्रे आणि आता चॅटबॉट क्षणात तयार उत्तर पुढे करत असल्याने हा मोह अधिकच बळावला आहे.

कुठे थांबायचे, याचे निकषही म्हणूनच निराळे आहेत. पडताळलेले उत्तर मिळाले की हुडकणे संपते. धुंडाळण्याला तसा काठ नसतो. नवी पाने जुन्याच गोष्टी सांगू लागली आणि आपला प्रश्न एका वाक्यात मांडता आला की थांबायला हरकत नाही. वरच्या उदाहरणातील माणूस ‘६.१ म्हणजे वाईट का?’ असे विचारत निघाला होता. डॉक्टरांसमोर बसताना तो विचारेल, ‘माझे हिमोग्लोबिन कमी असताना या आकड्यावर विसंबावे, की उपाशीपोटीची साखरही तपासून घ्यावी?’