प्रेक्षकाविना फुटबॉल क्लब : बडोद्यातील अर्थकारण

सामन्याच्या दिवशीची तिकिटे, स्टँडमधली खाण्यापिण्याची विक्री, पार्किंग यांतले काहीच हाती नसताना लहान फुटबॉल क्लब वर्षाचा खर्च ज्या मार्गांनी भागवतो, त्या व्यवस्थेची ही नोंद आहे. युरोपात हा विषय २०२०च्या साथीत ऐरणीवर आला. वडोदरा, म्हणजे आपल्या तोंडचे बडोदे, इथे मात्र रिकामे मैदान हे संकट नसून रोजची स्थिती आहे. स्थानिक सामन्याला तिकीट नसतेच. रेषेबाहेर उभे असतात ते पालक, पुढच्या सामन्याची मुले आणि स्कूटर स्टँडवर लावून तिच्यावरच बसलेले दोन-चार निवृत्त काका. त्यांच्याकडून कुणी पैसे मागितले, तर पुढच्या रविवारी काकाही येणार नाहीत.

साथीच्या काळात इतरांनी काय केले ते थोडक्यात सांगता येते. १४ मार्च २०२० रोजी इंडियन सुपर लीगचा एटीके विरुद्ध चेन्नईयिन हा अंतिम सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर प्रेक्षकांशिवाय झाला आणि पुढचा अख्खा हंगाम गोव्यातच बंद दाराआड खेळवला गेला. जर्मनीतल्या लोकोमोटिव्ह लाइपझिग या खालच्या विभागातल्या क्लबने तर न होणाऱ्या सामन्याची तिकिटे एक-एक युरोला विकायला काढली. १९८७ साली बोर्दोविरुद्धच्या उपांत्य सामन्याला १,२०,००० लोक आले होते अशी तिथे आख्यायिका आहे. तो आकडा ओलांडायचा असे ठरले आणि १,८०,०००हून अधिक तिकिटे खपली. युक्ती सुंदर आहे, पण तिच्यामागे विकण्याजोगी आठवण लागते. बडोद्यातल्या आठ-दहा वर्षांच्या क्लबकडे १९८७ नाही.

त्याच्याकडे नवरात्र मात्र आहे. बडोद्याच्या मोठ्या मैदानांवरच्या गरब्यात पास काढतो तो खेलैया, म्हणजे नाचणारा. युनायटेड वे ऑफ बडोदा या सेवाभावी संस्थेच्या गरब्यातून उभा राहणारा निधी सामाजिक संस्थांकडे जातो, आणि तो उभा राहण्यात रिंगणात घाम गाळणाऱ्यांच्या पासांचा वाटा मोठा असतो. इथला फुटबॉल क्लब नेमक्या याच तत्त्वावर चालतो : खेळणाराच तिकीट काढतो. बडोद्याच्या दांडिया बाजार भागात वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. प्रा. माणिकरावांचे नाव ज्याच्याशी जोडलेले आहे, त्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यात रोज मेहनत करायला जायचे असते, बघायला नव्हे.

फी. क्लबचा खरा धंदा शिकवणीचा असतो; वरिष्ठ संघ हा त्या शिकवणीचा फलक. समजा, ६० मुले महिना १,००० रुपये देतात. कागदावर वर्षाचे ७,२०,००० रुपये होतात. वहीत ते कधीच उतरत नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि पाऊस येतो. मैदान महिना-दीड महिना चिखलाचे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा सरावाचे नावही कुणी काढले नाही. नवरात्रीच्या आधीपासून मोठी मैदाने मांडवांसाठी अडतात. दिवाळीत निम्मी मुले गावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, आणि दहावीचे वर्ष आले की चांगला गोलकीपरही ‘क्लास आहे, सर’ म्हणून गळतो. बारा महिन्यांची फी म्हणजे आठ महिन्यांची फी, हे ज्या खजिनदाराला पहिल्याच वर्षी कळते तो टिकतो. तूट भरून काढतो तो उन्हाळी शिबिराचा मे महिना : सकाळी साडेसहाला किटबॅगेच्या मागे चिकटवलेला लॅमिनेट केलेला क्यूआर कोड, शेजारी पावतीपुस्तक आणि ‘धाकट्याला अर्ध्या फीत घ्या ना’ म्हणणाऱ्या आया.

प्रशिक्षक, रेफरी, बस, प्रवेश शुल्क हे सगळे याच पैशांतून जाते. मग एखादे बाबा विचारतातच : माझ्या मुलाच्या फीतून वरिष्ठ संघाची बस का? प्रश्न रास्त आहे. ज्या क्लबांनी दोन्ही हिशेब वेगळे ठेवून पालकांसमोर मांडले, तिथे भांडणे कमी होतात, एवढेच अनुभवाने सांगता येते.

मैदान. स्वतःचे मैदान क्वचितच कुणाचे असते. भाड्याच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, रात्रीचे स्लॉट जाळीत खेळल्या जाणाऱ्या बॉक्स क्रिकेटचे. फुटबॉलला पहाटेचे, स्वस्त. पाच वेळा रणजी करंडक जिंकलेल्या शहरात याची तक्रार करण्यात अर्थ नाही. उलट ज्या क्लबच्या ताब्यात टर्फ आहे, त्याने संध्याकाळ क्रिकेटवाल्यांना द्यावी. बडोद्यात फुटबॉलचा सर्वांत भरवशाचा आश्रयदाता क्रिकेटच ठरू शकतो.

पुरस्कर्ते आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च). जर्सीवर नाव येते ते क्लासचे, फरसाणवाल्याचे, दातांच्या डॉक्टरचे. मोठा पैसा शहराच्या कडेला आहे : कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी ही खत कंपनी, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत आहे. फुटबॉल त्यात बसतो.

गोची इथेच होते. २०२१च्या सुधारित नियमांनुसार, स्वतःच्या मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून दिलेले पुरस्कर्तेपद सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे ‘जर्सीवर तुमचा लोगो लावतो’ असे सांगत गेलेला सचिव चुकीच्या टेबलावर बसलेला असतो. लोगोचा विषय मार्केटिंगवाल्यांकडे, वस्तीतल्या ४० मुलींच्या प्रशिक्षणाचा विषय सीएसआरवाल्यांकडे. शिवाय क्लब हा नोंदणीकृत न्यास किंवा संस्था हवा, आयकर खात्याकडची, १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी हवी, तीन वर्षांचे काम दाखवता यायला हवे आणि सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज भरलेला हवा. (प्रस्तुत लेखकाने अशा एका क्लबची वही काही काळ सांभाळली. एका पुरस्कर्त्याच्या नुसत्या शब्दावर जर्सी छापून घेतल्या. तो मागे हटला आणि छपाईवाल्याचे पैसे तीन महिने थकले. त्या जर्सी पुढे दोन हंगाम नावावर पट्टी शिवून वापरल्या.)

खेळाडूंचे व्यवहार. याबद्दल बोलले फार जाते, मिळते क्वचित. फिफाच्या नियमानुसार करारबद्ध खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात : वयाच्या १२ ते १५ या वर्षांसाठी दरवर्षी ०.२५ टक्के, १६ ते २३साठी दरवर्षी ०.५ टक्के. बारा ते पंधरा ही चार वर्षे मुलगा बडोद्यात खेळला आणि पुढे ५० लाखांना परदेशी विकला गेला, तर क्लबला ५०,००० रुपये. नोव्हेंबर २०२२पासून हे वाटप फिफा क्लिअरिंग हाउस या पैसे पोचवणाऱ्या यंत्रणेमार्फत, खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून (तो कधी कोणत्या क्लबात होता याच्या नोंदीवरून) होते. पासपोर्ट बनतो नोंदणीवरून. म्हणून बाराव्या वर्षी भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रणालीत नाव न चढवलेला मुलगा पुढे कितीही मोठा झाला, तरी क्लबपाशी त्याचा फक्त फोटो उरतो. पहिल्या व्यावसायिक करारावर मिळणारी प्रशिक्षण भरपाई निराळी. आशियात क्लबांच्या सर्वांत खालच्या श्रेणीसाठी तिचा दर वर्षाला २,००० डॉलर आहे. महिला फुटबॉलला ती लागू नाही, आणि हे अन्यायाचेच आहे.

प्रक्षेपण. फोन आणि ट्रायपॉडवर यूट्यूबचे थेट प्रक्षेपण जवळजवळ फुकट होते. जाहिरातींचा वाटा हवा तर साधारणपणे १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहणे लागते. लहान क्लबने त्याची वाट पाहू नये. पुरस्कर्त्याला दाखवायला मात्र हे चित्रण उपयोगी पडते. ज्याची वही सांभाळली त्या क्लबात वरिष्ठांच्या सामन्याचे प्रक्षेपण बघायला तीस-चाळीस जण असत. सर्वांत जास्त लोक येत ते दहा वर्षांखालील मुलांच्या सामन्याला. पुण्यातली आजी, न्यू जर्सीतला काका, आणि कॉमेंटमध्ये एकच विचारणा : कॅमेरा जरा डावीकडे घ्या, आमचा तिथे उभा आहे.