एल्फिन्स्टन हे आडनाव आलं कुठून?

मुंबईत एल्फिन्स्टन हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण खुद्द स्कॉटलंडमध्ये हे आडनाव दुर्मिळच, कॅम्पबेल किंवा मॅकडोनाल्डसारखं जिथे-तिथे भेटणारं नाही. मुळात हे गावाचं नाव. एडिंबराच्या पूर्वेला ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं खेडं आजही आहे, तिथली जमीन ज्यांच्याकडे होती त्यांना तेच नाव लागलं, आपल्याकडे सातारकर-निपाणीकर होतात तसं.

पण ही मूळ जहागीर पुढे वारस मुलीच्या लग्नामुळे जॉन्स्टन घराण्याकडे गेली आणि आडनाव मोठं केलं ते स्टर्लिंगशायरमध्ये एअर्थजवळ राहणाऱ्या शाखेने. 1510 मध्ये चौथ्या जेम्स राजाने त्यातल्या अलेक्झांडरला लॉर्ड केलं, आणि तीनच वर्षांत इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत राजा गेला आणि हा लॉर्डही, मग 1547 ला पुन्हा इंग्रजांविरुद्धच पिंकी इथल्या लढाईत दुसरा लॉर्डही पडला. मूळ गावातल्या किल्लेवजा वाड्यात 1546 मध्ये धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला जाळण्याआधी कैदेत ठेवलं होतं. तो वाडा 1955 मध्ये पाडला, कोळशाच्या खाणींमुळे खालची जमीन खचत होती.

मला या नावात सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो बिशप विल्यम एल्फिन्स्टन. 1495 मध्ये पोपकडून परवानगी आणून त्याने अ‍ॅबर्डीनला विद्यापीठ काढलं, आणि 1507 मध्ये स्कॉटलंडमध्ये पहिला छापखाना आला त्यामागेही त्याचा जोर होता.

आता आपल्याकडचे. इथे बरेचजण दोन माणसांना एकच समजतात, पण ते सख्खे काका-पुतणे. काका माउंटस्टुअर्ट, अकराव्या लॉर्डचा मुलगा, पुण्यात पेशव्यांच्या दरबारात रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा वकील. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरचा त्याचा बंगला जळाला आणि त्यात पुस्तकंही गेली. नंतर 1819 ते 1827 तो मुंबईचा गव्हर्नर होता, निघाला तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड, 1853 ते 1860 गव्हर्नर, म्हणजे 1857 चा उठाव त्याच्याच काळात. 2018 मध्ये प्रभादेवी झालेलं मुंबईतलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन या पुतण्याच्या नावाचं होतं, काकाच्या नाही. दोघंही शेवटपर्यंत अविवाहित राहिले, त्यामुळे 1860 मध्ये जॉन वारल्यावर लॉर्डची पदवी चुलत घराण्यात गेली.