सोपाधिक उन्मुक्ती

पोलिसाने किंवा अन्य सरकारी अधिकाऱ्याने एखाद्याच्या संविधानदत्त हक्काचा भंग केला, तरी तो हक्क कृत्याच्या वेळी ‘सुप्रस्थापित’ (पूर्वीच्या निवाड्यांनी स्पष्ट झालेला) नसेल, तर त्या अधिकाऱ्यास नुकसानभरपाईच्या वैयक्तिक दायित्वातून मुक्त करणाऱ्या अमेरिकी न्यायतत्त्वास सोपाधिक उन्मुक्ती म्हणतात. इंग्रजीत ते क्वालिफाइड इम्युनिटी या नावाने ओळखले जाते. ते केवळ दिवाणी दाव्यांना लागू आहे. त्यामुळे भारतात लोकसेवकावर फौजदारी खटला भरण्यापूर्वी लागणाऱ्या पूर्वमंजुरीशी (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७) त्याची गल्लत करू नये.

असे दावे ज्या कायद्याखाली चालतात, तो २० एप्रिल १८७१ चा नागरी हक्क कायदा यादवी युद्धानंतरच्या काळातील आहे. नुकत्याच दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर दक्षिणेतील राज्यांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी गुप्त संघटनेचे हल्ले होत असता स्थानिक अधिकारी काणाडोळा करीत किंवा त्यांत सामील असत. म्हणून राष्ट्राध्यक्ष युलिसीस ग्रँट यांच्या मागणीवरून काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) तो संमत केला. त्याच्या पहिल्या कलमात, म्हणजे संघीय संहितेच्या आजच्या कलम १९८३ मध्ये, कोणत्याही उन्मुक्तीचा उल्लेख नाही. हे कलम सुमारे ९० वर्षे जवळजवळ पडूनच होते. शिकागोच्या १३ पोलिसांनी पहाटे एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात घुसून सर्वांना दिवाणखान्यात विवस्त्र उभे केले आणि कुटुंबप्रमुखास १० तास डांबून ठेवले, त्या प्रकरणात (मन्रो विरुद्ध पेप, १९६१) सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर असा दावा चालतो असे ठरवले, तेव्हा कुठे त्यात धार आली.

उन्मुक्तीचा उगम सामान्यतः पियरसन विरुद्ध रे (१९६७) या निवाड्यात मानला जातो. मिसिसिपीतील जॅक्सन येथे सप्टेंबर १९६१ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या बसस्थानकाच्या प्रतीक्षालयात शिरल्याबद्दल १५ धर्मोपदेशकांना अटक झाली होती. अटकेसाठी वापरलेला कायदा पुढे तशा प्रसंगी घटनाबाह्य ठरला. तरी सद्भावनेने अटक करणाऱ्या पोलिसास बचाव मिळावा, कारण बेकायदा अटकेच्या दाव्यात सामान्य विधीने (न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या कायद्याने, कॉमन लॉ) तो दिलेलाच आहे, असे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिले. वर्णभेदाविरुद्धच्या कायद्यातील ही पळवाट वर्णभेदाविरुद्धच्याच आंदोलनातून निघाली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

१८७१ मध्ये सामान्य विधी खरोखर तसा होता काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. स्कॉट केलर यांच्या मते (२०२१) स्वेच्छाधीन (अधिकाऱ्याच्या स्वतःच्या निर्णयावर सोपवलेल्या) कृत्यांसाठी अधिकाऱ्यांना त्या काळी काही प्रमाणात संरक्षण होते. विल्यम बॉड (२०१८) हे अमान्य करतात. ॲनापोलिस येथे कृष्णवर्णीयांना मतदार यादीत घेण्यास नकार देणाऱ्या नोंदणी अधिकाऱ्यांना १९१५ मध्ये मायर्स विरुद्ध अँडरसन खटल्यात सद्भावनेचा बचाव मिळाला नव्हता, हा त्यांचा दाखला बलवत्तर वाटतो. अलेक्झांडर रीनर्ट यांनी (२०२३) आणखी एक मुद्दा पुढे आणला. मूळ कायद्यात ‘राज्याचा कोणताही कायदा, रूढी वा प्रथा विरुद्ध असली तरी’ अशा आशयाचा वाक्यांश होता, तो १८७४ च्या एकत्रित संहितेत कोणतेही कारण न नोंदवता गळला. तो विचारात घेतल्यास सामान्य विधीतील बचावांना जागाच उरत नाही, असे रीनर्ट म्हणतात. मात्र ती संहिता काँग्रेसने रीतसर संमत केली असल्याने या गळतीचा कायदेशीर परिणाम काय, हे निर्विवाद नाही.

आजची कसोटी हार्लो विरुद्ध फिट्झजेराल्ड (१९८२) या निवाड्यातील आहे. अधिकाऱ्याच्या मनात काय होते हे पाहणे त्याने बंद केले आणि सुजाण अधिकाऱ्यास माहीत असावा इतका तो हक्क सुप्रस्थापित होता काय, एवढाच प्रश्न ठेवला. व्यवहारात याचा अर्थ जवळजवळ सारख्याच वस्तुस्थितीचा पूर्वनिर्णय दाखवणे असा झाला. टेनेसीतील एका प्रकरणात तळघरात हात वर करून बसलेल्या संशयितावर पोलिसांनी कुत्रा सोडला. शरण येऊन जमिनीवर आडवा पडलेल्या माणसावर कुत्रा सोडणे अवैध, असा पूर्वनिर्णय होता. पण हा मनुष्य बसलेला असल्याने तो पुरेसा ठरला नाही. पीअर्सन विरुद्ध कॅलाहन (२००९) पासून हक्कभंग झाला की नाही हे न ठरवताही दावा फेटाळता येतो, त्यामुळे पुढच्या फिर्यादीला दाखवायला पूर्वनिर्णय तयारच होत नाही.

विधी-अभ्यासक जोआना श्वार्त्झ यांच्या पाहणीमुळे मात्र समर्थक आणि टीकाकार दोघांचीही गृहीतके डळमळतात. उन्मुक्ती नसेल तर पोलीस कंगाल होतील, हा समर्थकांचा युक्तिवाद; परंतु २००६ ते २०११ या काळात ४४ मोठ्या पोलीस विभागांत दिल्या गेलेल्या भरपाईपैकी अधिकाऱ्यांच्या खिशातून केवळ ०.०२ टक्के रक्कम गेली. दुसरीकडे, या बचावामुळे बरेच दावे बुडतात असे टीकाकार मानतात; परंतु पाच संघीय जिल्हा न्यायालयांत जेथे हा बचाव शक्य होता, त्यांपैकी ३.९ टक्केच दावे त्या कारणाने निकालात निघाले. अर्थात, वकिलांनी हातीच न घेतलेली प्रकरणे या आकड्यात येत नाहीत.

२५ मे २०२० रोजी मिनीॲपोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी सर्वोच्च न्यायालयाने उपरोक्त टेनेसीचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला; न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी भिन्नमत नोंदवले. फ्लॉइड यांच्या नावाच्या विधेयकात पोलिसांपुरता हा बचाव रद्द करण्याची तरतूद होती. ते प्रतिनिधिगृहात २०२० आणि २०२१ मध्ये संमत झाले, परंतु सिनेटमध्ये अडले. कोलोरॅडोने जून २०२० मध्ये राज्याच्या संविधानाखालील दाव्यांत पोलिसांचा हा बचाव काढून टाकला. सद्भावनेने वागला नाही असे ठरलेल्या पोलिसाकडून भरपाईच्या ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, यांपैकी कमी असेल ती रक्कम वसूल करता येते. न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये तशाच दिशेने कायदा केला.