बाजू कुणाची आणि बातमी खरी का? हे दोन प्रश्न वेगळे

अतिरेकी संघटनांच्या ऑनलाइन मासिकांचा विषय निघाला की ‘तो सगळा प्रचार, त्यात खरं काय असणार?’ असं म्हणून लोक मोकळे होतात. कल्याणचे चार तरुण मे 2014 मध्ये इसिस या अतिरेकी संघटनेत सामील व्हायला इराककडे गेले, तेव्हापासून हा विषय आपल्याला परका राहिलेला नाही, म्हणून जरा थांबून बोलू. त्या एका वाक्यात दोन प्रश्नांची सरमिसळ झालेली असते. लिहिणारा कुणाच्या बाजूचा, हा त्याच्या कलाचा प्रश्न. त्यानं सांगितलेली अमुक गोष्ट खरी धरायची का, हा विश्वासार्हतेचा. पहिल्याचं उत्तर हाती आलं म्हणून दुसरा सुटत नाही.

इसिसचं ‘दाबिक’ हे मासिक जुलै 2014 मध्ये सुरू झालं. त्याच्या चौथ्या अंकाचं मुखपृष्ठ बघा: व्हॅटिकनच्या चौकातला उंच दगडी स्तंभ आणि त्याच्या टोकावर संगणकावर चिकटवलेला इसिसचा काळा झेंडा. यापेक्षा उघड कल तो काय असणार! पण त्याच अंकात, उत्तर इराकमधल्या सिंजारच्या यझिदी या अल्पसंख्य धर्मसमुदायातल्या बायकामुलांना गुलाम करून लढवय्यांमध्ये वाटल्याचं स्वतः इसिसनंच लिहिलं आहे. त्यांना ते लपवायचं नव्हतं, मिरवायचं होतं. सुटून आलेल्या बायका जे सांगत होत्या, त्याला करणाऱ्यांच्याच तोंडून दुजोरा मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या सीरियाविषयक चौकशी आयोगानं जून 2016 मध्ये यझिदींचा वंशसंहार चालू असल्याचा निष्कर्ष काढला. त्याचा मुख्य आधार वाचलेल्यांच्या साक्षी होता, पण ‘दाबिक’मधला हा मजकूरही आयोगानं विचारात घेतला. शिसारी येते म्हणून तो अंक बाजूला सारला असता, तर एक कबुलीजबाब हातचा गेला असता.

‘दाबिक’मधल्या त्याच लेखात गुलामगिरीचं जे धार्मिक समर्थन आहे, ते मात्र जसंच्या तसं घेता येत नाही. सप्टेंबर 2014 मध्येच शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी इसिसचा म्होरक्या बगदादी याला खुलं पत्र लिहून गुलामगिरी पुन्हा आणणं निषिद्ध असल्याचं बजावलं होतं. लेख वाचताना वाटतं, की धर्माचं म्हणणं एवढंच आणि असंच आहे. कल ओळखायचा तो इथे, काय गाळलं आहे यावरून. ‘आम्ही हे केलं’ आणि ‘हे योग्यच आहे’ ही एकाच पानावरची दोन वेगळी विधानं आहेत. त्यांची पारखही वेगवेगळीच करावी लागते.

आता ‘अमाक’ घ्या. इसिसशी जोडलेली ही वृत्तसंस्था शिव्याशाप देत नाही. दोन-तीन ओळी, ‘सूत्रांनी अमाकला सांगितलं’ असा कोरडा सूर, अगदी आपल्याकडच्या वृत्तसंस्थेच्या तारेसारखा. फसगत होते ती इथेच, कारण संयत भाषा दिसली की आपण तिला नकळत खरेपणा बहाल करतो. जून 2017 मध्ये मनिलातल्या कॅसिनोवर हल्ला झाला. इसिसनं तो आपला म्हटला, तर पोलिसांच्या तपासात हल्लेखोर जुगारापायी कर्जात बुडालेला निघाला. ऑक्टोबर 2017 मध्ये लास वेगासच्या गोळीबारानंतर हल्लेखोर आपला सैनिक असल्याचं आणि त्यानं काही महिन्यांपूर्वी धर्म बदलल्याचं ‘अमाक’नं कळवलं. अमेरिकेची तपाससंस्था एफबीआय हिला तसा कोणताही संबंध सापडला नाही.

मग ‘अमाक’चं काहीच मानायचं नाही का? जुलै 2016 मध्ये जर्मनीत व्युर्झबुर्गजवळ रेल्वेत प्रवाशांवर हल्ला झाला, तेव्हा याच ‘अमाक’नं हल्लेखोरानं आधीच चित्रित केलेली ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली. ती त्याच्याशी संपर्क असल्याशिवाय हाती येणं शक्य नव्हतं. लास वेगासच्या वेळी चित्रफीतही नव्हती आणि ताडून बघता येईल असा एकही तपशीलही नव्हता. संस्था तीच आणि कलही तोच, तरी मी व्युर्झबुर्गचा दावा मानतो आणि लास वेगासचा मानत नाही.